राजकीय देणग्या, साटंलोटं आणि सरकारचं उत्तरदायित्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाला पैसा कुणी दिला आणि त्यानंतर सरकारी निर्णयाचा फायदा कुणाला झाला, या दोन नोंदी आपल्याकडे वेगवेगळ्या कार्यालयांत राहतात. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहता याव्यात, एवढी साधी मागणी मनात धरून ही उत्तरं लिहिली आहेत. कायद्याच्या तरतुदी आहेत तशा सांगितल्या आहेत आणि जिथे मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

पक्ष चालवायला पैसा लागतोच. मग देणगी घेण्यात वाईट काय?

काहीच नाही. कार्यालयाचं भाडं, पत्रकं, सभेचा मंडप, कार्यकर्त्यांचा प्रवास हे सगळं फुकट होत नाही. आपल्याला पटणाऱ्या पक्षाला शंभर-पाचशे रुपये देणं हा नागरिकाचा राजकारणातला सहभागच आहे. अडचण दोन ठिकाणी सुरू होते. एक, देणगी इतकी मोठी असते की घेणाऱ्याला देणाऱ्याचा फोन टाळता येत नाही. दोन, ती देणगी मतदाराला दिसत नाही. पहिली गोष्ट पूर्णपणे थांबवणं कुठल्याच देशाला जमलेलं नाही, पण दुसरी थांबवणं सर्वस्वी कायदा करणाऱ्यांच्या हातात आहे.

कायद्यानुसार देणगी कोण देऊ शकतं?

भारतीय नागरिक आणि भारतात नोंदलेली कंपनी. सरकारी कंपनी देऊ शकत नाही, तसंच स्थापन होऊन तीन वर्षं न झालेली कंपनीही देऊ शकत नाही. कंपनीला त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव करावा लागतो. परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायला बंदी आहे. मात्र 'परदेशी स्रोत' कशाला म्हणायचं याची व्याख्या २०१६ साली सैल झाली आणि २०१८ साली तो बदल थेट १९७६पर्यंत मागे नेऊन लागू केला गेला. त्याआधी, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परदेशी देणग्यांचा कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला होता. पूर्वलक्ष्यी बदलामुळे त्या निकालाचा पायाच निघून गेला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष अशा वेळी गप्प बसतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कंपन्या पक्षांना पैसे देतात, हे कधीपासून?

स्वातंत्र्यानंतर लगेच. आणि धोक्याचा इशाराही तेव्हाच दिला गेला होता, तोही मुंबईतून. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात आडकाठी नसल्यानं परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असं स्पष्ट लिहून ठेवलं आणि संसदेनं याचा विचार करावा असं सुचवलं.

पुढचा प्रवास असा आहे. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. पण त्या बंदीला पर्याय म्हणून दुसरी कुठलीही व्यवस्था उभी केली नाही, त्यामुळे पैसा थांबला नाही, रोखीत गेला. १९८५ मध्ये बंदी उठली आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगीला मुभा मिळाली. २०१३च्या कंपनी कायद्यानं ही मर्यादा साडेसात टक्के केली. २०१७ च्या वित्त कायद्यानं ती मर्यादाच काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात लिहायचं बंधनही काढलं. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा वाटेल तेवढी देणगी देऊ शकत होती आणि तिच्या भागधारकांनाही ती कुणाला दिली हे कळणार नव्हतं. नफा नसलेली कंपनी कोटी-कोटी रुपये कुणाच्या खिशातून देते, हा प्रश्न तेव्हा संसदेत पुरेसा विचारला गेला नाही.

निवडणूक रोखे म्हणजे नेमकं काय होतं?

२०१७च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली. रोखे फक्त स्टेट बँक ऑफ इंडियाच्या ठरावीक शाखांत मिळत: एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमतींत. देणगीदार बँकेत केवायसी करून रोखा विकत घेई. रोख्यावर त्याचं नाव नसे. पंधरा दिवसांत पक्षानं तो आपल्या खात्यात वटवायचा. मागच्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळवलेल्या नोंदणीकृत पक्षांनाच ही सोय होती.

योजना येण्याआधी रिझर्व्ह बँकेनं आक्षेप नोंदवले होते. निवडणूक आयोगानं मे २०१७ मध्ये विधी मंत्रालयाला पत्र लिहून देणग्यांच्या पारदर्शकतेच्या दृष्टीनं हे मागे नेणारं पाऊल असल्याचं कळवलं होतं. दोन्ही संस्थांचं म्हणणं बाजूला ठेवून योजना रेटली गेली. शिवाय त्यासाठीच्या कायदेदुरुस्त्या वित्त विधेयकात घातल्यामुळे राज्यसभेला त्या अडवण्याचा अधिकार उरला नाही.

गुप्तता देणगीदाराच्या संरक्षणासाठी होती, असं सांगितलं जायचं. ते पटण्यासारखं नाही का?

लहान देणगीदारापुरतं पटण्यासारखं आहे. विरोधी पक्षाला पाचशे रुपये दिले म्हणून दुकानदारावर धाड पडू नये, हे योग्यच. पण त्याला रोख्यांची गरज नव्हती. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव तसंही जाहीर करावं लागत नाही.

आणि ही गुप्तता सर्वांसाठी सारखी नव्हती. केवायसी स्टेट बँकेकडे, आणि स्टेट बँक सरकारच्या मालकीची. २०१८ मध्ये 'द क्विंट'च्या पत्रकार पूनम अगरवाल यांनी रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा अतिनील प्रकाशात दिसणारा, प्रत्येक रोख्याचा वेगळा छुपा क्रमांक सापडला. तो सुरक्षेसाठी आहे, असा खुलासा सरकारनं केला. पण त्याच क्रमांकाच्या आधारे कोणता रोखा कुणी घेतला आणि कुणी वटवला हे जोडता येतं, हे २०२४ मध्ये साऱ्या देशानं पाहिलं. अंधारात होता तो फक्त मतदार.

सर्वोच्च न्यायालयानं काय ठरवलं?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं योजना रद्द केली. कारण घटनेचा अनुच्छेद १९(१)(क): मत देताना पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणून घेणं हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे. कंपन्यांच्या देणगीची मर्यादा उठवणारी दुरुस्तीही मनमानी ठरवून रद्द झाली, त्यामुळे साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली. मोठ्या देणगीमुळे सत्तेच्या दारात थेट प्रवेश मिळतो आणि त्यातून देवाणघेवाणीची शक्यता तयार होते, हे न्यायालयानं नोंदवलं.

याचिका २०१७ पासून पडून होत्या. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि जया ठाकूर हे याचिकाकर्ते. निकाल यायला लागलेल्या वर्षांत २०१९ची लोकसभा निवडणूक आणि कितीतरी विधानसभा निवडणुका रोख्यांच्या पैशावर लढल्या गेल्या. निकाल ऐतिहासिक आहे, पण तो उशिरा आला, हेही म्हटलं पाहिजे.

मग नावं बाहेर कशी आली?

सहजासहजी नाही. न्यायालयानं स्टेट बँकेला ६ मार्चपर्यंत तपशील द्यायला सांगितलं होतं. बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. ११ मार्चला न्यायालयानं ती मागणी फेटाळली आणि दुसऱ्याच दिवशी बँकेनं तपशील सादर केला. जे काम करायला साडेतीन महिने लागणार होते ते एका दिवसात कसं झालं, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

१४ मार्चला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या: एकीत खरेदीदार, तारीख आणि रक्कम, दुसरीत पक्ष, तारीख आणि रक्कम. दोन्हींमध्ये रोख्याचा क्रमांक नव्हता, त्यामुळे कुणाचा पैसा कुणाला गेला हे कळेना. न्यायालयानं पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला क्रमांकांसह याद्या आल्या. मग ज्याला संगणकावर साधा तक्ता हाताळता येतो अशा कुणालाही दोन्ही याद्या क्रमांकावरून जोडता आल्या आणि कंपनीचं नाव व पक्षाचं नाव पहिल्यांदा एकाच ओळीत आलं.

त्या याद्यांत काय दिसलं?

१२ एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १२ हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. भाजपनं सुमारे ६,०६० कोटींचे वटवले, तृणमूल काँग्रेसनं १,६०९ कोटींचे, काँग्रेसनं १,४२१ कोटींचे, भारत राष्ट्र समितीनं १,२१४ कोटींचे. केंद्रात सत्ता असलेल्या पक्षाला सर्वाधिक, आणि राज्यात सत्ता असलेल्या प्रादेशिक पक्षांनाही त्यांच्या आकाराच्या मानानं भरपूर. पैसा विचाराकडे नाही, सत्तेकडे जातो, हे त्या आकड्यांवरून दिसतं.

सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरी व्यवसायातली फ्युचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस, १,३६८ कोटी. तिच्यामागे सक्तवसुली संचालनालयाची चौकशी होती. तिच्या रोख्यांचा सर्वांत मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुककडे गेला. दुसऱ्या क्रमांकावर मेघा इंजिनिअरिंग अँड इन्फ्रास्ट्रक्चर्स, ९६६ कोटी. धरणं, बोगदे, उपसा सिंचन अशी सरकारी कामं करणारी ही कंपनी. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं कामही तिच्याकडेच आहे.

म्हणजे ती लाचच होती ना?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. देणगी आणि कंत्राट यांच्या तारखा जवळ असणं हा पुरावा नव्हे, चौकशीचं कारण आहे. अनेक मोठे ठेकेदार सगळ्याच पक्षांना देतात, आणि काम मिळवण्याची त्यांची पात्रताही खरीच असते. माझं म्हणणं इतकंच, की चौकशी व्हायला हवी होती. २ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशेष तपास पथकाची मागणी फेटाळली. ज्याची तक्रार असेल त्यानं नेहमीच्या कायदेशीर मार्गानं जावं, असं सांगितलं. नेहमीचा मार्ग म्हणजे ज्या यंत्रणा सरकारच्याच अखत्यारीत आहेत त्यांच्याकडे जाणं. इथे गाडी अडते.

रोखे बंद झाले. आता पैसा कुठून जातो?

धनादेश, ऑनलाइन हस्तांतरण आणि निवडणूक न्यास म्हणजे इलेक्टोरल ट्रस्ट. २०१३ पासून असलेल्या या न्यासांना जमलेल्या पैशाचा ९५ टक्के भाग त्याच आर्थिक वर्षात पक्षांना वाटावा लागतो. न्यास देणगीदारांची नावं जाहीर करतात, पक्षांचीही करतात. त्या अर्थानं रोख्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. पण सगळ्यांचा पैसा एका खात्यात जमून पुढे जात असल्यानं अमुक कंपनीचा पैसा तमुक पक्षाला गेला असं ठामपणे सांगता येत नाही.

रोख देणगीची मर्यादा २०१७ मध्ये माणशी दोन हजारांवर आणली गेली. मात्र नाव जाहीर करायची मर्यादा वीस हजारच राहिली. एक मोठी रक्कम अनेक नावांत फोडणं अवघड नाही, हे पक्षाचे हिशेब पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

ही माहिती वेळेवर तरी मिळते का?

नाही, आणि सगळ्या त्रुटींमध्ये मला ही सर्वांत गंभीर वाटते. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालं. त्या आठवड्यात एखाद्या ठेकेदारानं पक्षाला दहा कोटी दिले असतील तर ती देणगी २०२४-२५ या आर्थिक वर्षात मोडते. वर्ष संपतं ३१ मार्च २०२५ ला. वीस हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल आयोगाकडे जातो त्यानंतर काही महिन्यांनी, आयकर विवरणपत्राच्या मुदतीला धरून. म्हणजे मतदाराला ते नाव दिसतं मत देऊन जवळपास वर्ष झाल्यावर. तोवर मंत्रिमंडळ बसलेलं असतं, निविदाही निघालेल्या असतात. ब्रिटनमध्ये पक्षांना दर तिमाहीला आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारकाळात दर आठवड्याला मोठ्या देणग्या जाहीर कराव्या लागतात. ज्या देशात यूपीआयचा व्यवहार क्षणात नोंदला जातो तिथे हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

उमेदवाराच्या खर्चाला तर मर्यादा आहे. ती पुरेशी नाही?

महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायला सांगितलं होतं. संसदेनं लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं झालं आहे.

मर्जीतल्या माणसाला काम देतात ते नेमकं कसं? निविदा तर ऑनलाइन असतात.

ऑनलाइन असल्यानं फायदा झालाच आहे. पूर्वी निविदापेटीसमोर माणसं उभी करून दुसऱ्याला आत जाऊ देत नसत, ते थांबलं. पण टेंडर 'मॅनेज' करायच्या वाटा निविदा निघण्याआधीच सुरू होतात.

पहिली वाट अटींची. अमुक क्षमतेचा प्लांट कामापासून इतक्या किलोमीटरच्या आत हवा, अमुक प्रकारचं काम मागच्या तीन वर्षांत केलेलं हवं. अट वाचली की स्थानिक ठेकेदारांना कळतं हे टेंडर कुणासाठी निघालंय. दुसरी वाट तुकडे पाडायची: ई-निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून एकाच रस्त्याची तीन-चार कामं दाखवायची. तिसरी रिंग करायची: तिघांनी भरायचं, दोघांनी मुद्दाम चढे दर टाकायचे. चौथी, आणि मोठ्या कामांत सर्वांत परिणामकारक, तांत्रिक छाननीत स्पर्धकाला बाद करायची, म्हणजे त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाही.

या चौथ्या टप्प्यावर प्रश्न कसा उभा राहतो याचं उदाहरण जवळचंच आहे. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) गायमुख ते भाईंदर या बोगदा आणि उन्नत मार्गाच्या सुमारे १४ हजार कोटींच्या कामांत एल अँड टी कंपनी तांत्रिक फेरीत बाद झाली आणि मेघा इंजिनिअरिंग सर्वांत कमी दराची ठरली. एल अँड टी न्यायालयात गेली. आपले दर सुमारे तीन हजार कोटींनी कमी होते, असं तिचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, पण सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न विचारल्यावर ३० मे २०२५ रोजी सरकारनं दोन्ही निविदा रद्द करत असल्याचं सांगितलं. गैरव्यवहार झाला असं कोणत्याही न्यायालयानं म्हटलेलं नाही. पण एक बलाढ्य कंपनी दिल्लीपर्यंत लढू शकली म्हणून दरांतला हा फरक आपल्याला कळला. तालुक्यातला छोटा ठेकेदार बाद झाला तर तो कुठे जाणार? त्याला पुढचं काम त्याच कार्यालयातून घ्यायचं असतं.

नगरसेवकाचा भाऊ किंवा मेहुणाच ठेकेदार असेल तर?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र ठरतो. ग्रामपंचायत सदस्यासाठी तशीच तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे, आणि त्याखाली सदस्यत्व गेल्याची प्रकरणं होतातही. भाऊ वेगळा राहतो, धंदा वेगळा आहे असं दाखवलं की सिद्ध करणं कठीण जातं. तरी तक्रार करायला हा पाया पक्का आहे. आमदार-खासदारांच्या बाबतीत लोकप्रतिनिधित्व कायद्यातली तरतूद फारच तोकडी आहे. कंत्राट कंपनीच्या नावावर असेल तर बहुधा हातच लागत नाही.

देणगीच्या बदल्यात सरकारी मेहेरबानी, असं न्यायालयानं कधी म्हटलं आहे का?

महाराष्ट्रानं ते पाहिलं आहे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळात सिमेंटचा तुटवडा होता आणि वाटप सरकारच्या हातात होतं. बिल्डरांना सिमेंटचा कोटा आणि त्याच सुमारास 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'सारख्या न्यासांना देणग्या, हे १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मधून अरुण शौरी यांनी मांडलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी सिमेंट वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला. त्या प्रकरणात नोंदी होत्या: कुणाला किती पोती, कोणत्या तारखेला, आणि धनादेश केव्हा. तारखा होत्या म्हणून संबंध दाखवता आला.

राजकीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात का?

केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ रोजी हो म्हटलं: काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप, भाकप आणि माकप ही सार्वजनिक प्राधिकरणं आहेत, कारण त्यांना करसवलत, सवलतीच्या जागा, आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो. एकाही पक्षानं माहिती अधिकारी नेमला नाही आणि आयोगाला आदेश अमलात आणता आला नाही. रोख्यांना विरोध करणारे पक्षही इथे बाकीच्यांबरोबरच उभे राहिले. हे दुःखद आहे.

गावातल्या रस्त्याचा पैसा कुठे गेला हे विचारायचं आहे. अर्ज कसा लिहू?

'भ्रष्टाचार का झाला ते सांगा' असं लिहू नका. माहिती अधिकारात मत मिळत नाही, कागद मिळतो. जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. मजकूर असा पुरे:

"अमुक फाटा ते तमुक वस्ती रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: मंजूर अंदाजपत्रक, निविदा सूचना, दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, सर्व देयके, गुणनियंत्रण चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधीची नोंद."

यात सर्वांत बोलका कागद मोजमाप पुस्तिका, ज्याला खात्यात सगळे 'एमबी' म्हणतात. कोणत्या तारखेला किती लांबी, रुंदी, जाडी मोजली हे शाखा अभियंत्यानं त्यात सही करून लिहिलेलं असतं. ती पानं हातात घेऊन रस्त्यावर जा आणि टेपनं मोजा. नोंदीत पन्नास मिलिमीटरचा थर असेल आणि कडेला उखडलेल्या जागी पंचवीसच दिसत असेल तर फोटो काढा, मागे ओळखीची खूण येऊ द्या. कलम २(ञ) नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, जो फार थोडे लोक वापरतात. दोष दायित्वाचा काळ शिल्लक असेल तर ठेकेदाराला स्वखर्चानं रस्ता दुरुस्त करून द्यावा लागतो. निदान तेवढं तरी पदरात पडतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर?

पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आयोगात अपिलांचा ढीग आहे आणि वाट पाहावी लागते, म्हणून प्रथम अपील नीट लिहा. 'वैयक्तिक माहिती आहे' म्हणून नकार आला तर कलम ८(२) दाखवा: व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीबाबतचं कलम अधिक कडक केलं आहे, त्यामुळे हा आधार आता पूर्वीपेक्षा जास्त लागणार.

तक्रार कुणाकडे करायची? लोकायुक्त, एसीबी की कॅग?

पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. पैसे देण्याआधीच फोन करा, म्हणजे सापळा लावता येतो. एखाद्या निर्णयामागे पक्षपात असेल तर लोकायुक्त. हे पद निर्माण करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, कायदा १९७१चा, पण त्याखालचा अधिकार शिफारशीपुरता. कॅगकडे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांकडे, वैयक्तिक तक्रारीचा निकाल लागत नाही, मात्र त्यांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि आपल्या जिल्ह्याची कामं त्यात असतील तर सरकारी कागदच आपल्या बाजूनं बोलतो. २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १७अ मुळे अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला आधी सरकारची मंजुरी लागते. प्रामाणिक अधिकाऱ्याला कवच हवं हे मान्य, पण मंजुरी देणाऱ्यावरच संशय असेल तेव्हा काय करायचं याचं उत्तर कायद्यात नाही.

माहिती मागणाऱ्यांवर हल्ले होतात. भीती वाटते.

वाटणं रास्त आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. ते जमीन व्यवहारांमागे लागले होते. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलातच आणलेला नाही. म्हणून एकट्यानं करू नका. एकाच विषयाचे अर्ज चार-पाच जणांनी, वेगवेगळ्या गावांतून टाका, पत्ता टपालपेटीचा (पोस्ट बॉक्सचा) द्या, मिळालेले कागद लगेच इतरांना पाठवून ठेवा. माहिती एकाच माणसाकडे नसली की त्याला गाठून उपयोग होत नाही.

सरकारनंच निवडणुकीचा खर्च करावा, हा उपाय कसा आहे?

इंद्रजित गुप्ता समितीनं १९९८ मध्ये अंशतः आणि वस्तुरूपात मदतीची शिफारस केली होती. खासगी पैशावर घट्ट मर्यादा आणि पक्षांच्या हिशेबांची स्वतंत्र तपासणी याशिवाय ही मदत म्हणजे आहे त्या पैशात भर. त्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं: मोठ्या देणग्या निवडणूककाळात आठवड्याच्या आत जाहीर करणं, आणि सरकारी कंत्राट चालू असेपर्यंत त्या ठेकेदाराला पक्षाला देणगी द्यायला बंदी. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या ठेकेदारांवर अशी बंदी १९४० पासून आहे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं तर २०१५ मध्ये कंपन्यांच्या देणग्याच बंद केल्या.

एका छोट्या पक्षाचा माणूस म्हणतो, चेकनं देणगी द्या, कमिशन कापून रोख परत देतो, करही वाचेल. करावं का?

अजिबात नाही. ही करचोरी आहे आणि आयकर खात्याच्या नोटिसा थेट देणगीदाराला येतात. कागदोपत्री पक्षांचा हा धंदा जुना आहे. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांना निवडणूक आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढलं आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्षांना.

मला खरोखरच एका पक्षाला थोडी मदत करायची आहे. कशी करू?

धनादेशानं किंवा यूपीआयनं, पक्षाच्या अधिकृत खात्यात. स्थानिक पुढाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवू नका. पावती मागा, तीवर पक्षाचा पॅन आणि नोंदणीचा तपशील आहे ना ते बघा. करसवलत रोख देणगीवर मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती वैयक्तिक करदात्याला नाहीच. पुढच्या वर्षी त्या पक्षाचा लेखापरीक्षण अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आला की उघडून पाहा, आणि काही कळलं नाही तर पक्ष कार्यालयात जाऊन विचारा. पैसे दिलेल्या माणसाला हिशेब विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.